लाल ठिपका

माझ्या बहिणीच्या सासूचं मी कधी भलं चिंतलं नाही, आणि आता वय झालं त्यांचं म्हणून चिंतीन असंही नाही.

मी कर्जतला ब्लाऊज शिवते. धाकटी बहीण पारनेर तालुक्यात दिलेली. तिच्या छातीतली गाठ काढली आणि नगरला केमोचे डोस सुरू झाले, तेव्हापासून तिचं दुखणं मला टेपवर दिसायला लागलं. दर डोसामागं ब्लाऊज आत घ्यायचा. केस गेले त्याचं तिनं फार मनाला लावून घेतलं नाही, ओढणी बांधून हसायची. पण तोंड आलं ते मात्र बघवत नव्हतं. जीभ सोललेली, घोटभर पाणी पितानाही डोळे भरायचे. फोडणीचा वास आला की मोरीकडं पळायची. नखं काळी पडली. चौथा डोस डॉक्टरांनी पुढं ढकलला. वजन उतरलंय, पेशी कमी झाल्यात, आधी पोटात अन्न जाऊ द्या, मगच डोस, म्हणाले.

मी मशीन झाकलं आणि तिच्याकडं राहायला गेले. गार दूधभात कालवायचा आणि भरवायचा, एवढंच काम. माझ्या हातचं तरी खाईल असं वाटलं होतं. कसलं काय! ताट पुढं केलं की तोंड फिरवायची.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"मग मळमळतंय?"

"ताई, ते ताट नको ना."

तिनं ताट वर उचलून खालून दाखवलं. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. वाटीला ठिपका, पेल्याला ठिपका. लग्नाकार्यात आपली भांडी दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून बायका अशी खूण करतात, ते ठाऊक होतं. पण घरातल्या घरात? सासूबाईंचं म्हणणं, हा रोग उष्ट्यातून पसरतो. बहिणीची भांडी वेगळी ठेवायची, आणि अंगात ताप असला तरी ती तिनंच घासायची. बचतगटाची अध्यक्ष बाई ही! गावाला शहाणपण शिकवते!

"आन् बाटली माझीच हाय," बहीण म्हणाली. "माझ्या कपाटातनं घेतली त्यांनी."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिच्या नवऱ्याला विचारलं, "पाव्हणं, डॉक्टरांनी सांगितलं ना, असं काही पसरत नाही म्हणून?"

"मी सांगितलं आईला. ऐकत न्हाई ती," म्हणाले आणि डेअरीवर निघून गेले.

तेव्हाच त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. पण मी भांडून कर्जतला गेले असते आणि त्याचं उट्टं त्यांनी माझ्या बहिणीवर काढलं असतं. म्हणून दोन दिवस सासूबाईंपुढं तोंडात साखर धरली. मावशी चहा टाकू का, मावशी पाय चेपू का.

शुक्रवारी दुपारी मावशी बचतगटाच्या मीटिंगला गेल्या. मी बाटली काढली, मांडणीवरची सगळी भांडी खाली घेतली आणि फतकल मारून बसले. ताटं, वाट्या, पेले, कप, तांब्या, पळी. देवाची भांडी सोडून एकूण एक. प्रत्येकाच्या बुडाला एक ठिपका. बहिणीची तिन्ही भांडी त्यातच मिसळून टाकली.

बहीण दारात येऊन उभी राहिली. "अगं, येड लागलं का तुला?"

"व्हय. ती ताटं उचल आणि उन्हात ठेव."

तिनं उचलली. थोड्या वेळानं म्हणते, "ताई, ह्या डावाला राहिला बघ."

मावशी परत आल्या त्या दोन बायकांना घेऊन. मी चहा दिला. त्यातल्या एकीनं कप उचलून खालून बघितला. "हे काय गं लाल?"

"मावशींची खूण हाय," मी म्हटलं. "पोरीचा कॅन्सर उष्ट्यातनं लागंल म्हणून तिची भांडी वेगळी केलेली. मी म्हटलं, तीनच भांड्यांना कशाला, सगळ्यांनाच करून टाकू."

ती बाई मावशींकडं बघतच राहिली. "अध्यक्षबाई, माझ्या भावजयीला पन हुता की. आमी एका ताटात जेवलोय." आणि तिनं चहा संपवला. मावशींचा कप भरलेला तसाच राहिला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी मावशींनी एकेक ताट उलटं करून पाहिलं, नखानं खरवडलं. बहिणीचं कुठलं ते काही कळेना. शेवटी लेकाला दुकानात पिटाळलं आणि कागदी ताटं मागवली. त्यात आमटी घेऊन कोपऱ्यात जेवायला बसल्या. मी मुद्दाम विचारलं, "मावशी, गळत न्हाई ना?"

बहीण खोलीतून बाहेर आली. त्यांच्या समोरच मांडी घालून बसली. तोंड भाजल्यासारखं करत, थांबत थांबत, पण वाढलेला सगळा दूधभात तिनं संपवला. मग ताट माझ्यापुढं धरलं. "अजून घाल."

सोमवारी नगरला वजन भरलं, पेशीही सुधारल्या होत्या. चौथा डोस मिळाला. नंतरच्या उलट्या, सोललेली जीभ, काहीच चुकलं नाही. मावशींची कागदी ताटंही चालूच होती.

पाचव्या दिवशी बहीण भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली. आपलं ताट तिनं धुतलं आणि मांडणीवर सगळ्या ताटांच्या मधोमध लावलं. सासूबाई कोपऱ्यात आपलं पुसून ठेवलेलं कागदी ताट शोधत होत्या.

"आत्या, तुमचं सकाळचं ताट मी चुलीत घातलं," बहीण म्हणाली. "उष्टं हुतं तुमचं."