बाईंचा ‘का’

आमच्या बाई भांडण सोडवत नसत, रंगवत असत. टोकरखाड्यातल्या बहिऱ्या मुलींच्या शाळेत दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून उभ्या असल्या, की दुसरं कुणी चापट मारून मोकळं झालं असतं. बाई मध्येच मांडी घालून बसायच्या आणि मनगट फिरवून पंजा उघडायच्या. म्हणजे, का? मग एकीने हातवाऱ्यांनी कारण सांगायचं, मग दुसरीने. ते बघत बसल्यामुळे माझी भाजी करपायची. मुली प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवत. बाईंचं नाव तो पंजा. माझं नाव नाकावरचा मस. ठेवा म्हटलं, आहे तर आहे.

मी तिथे स्वयंपाकाला होते. धुळ्याकडून आलेली, चौथी शिकलेली. माझं धोरण सोपं होतं : बिचाऱ्यांना ऐकू येत नाही, जाऊ द्या. ‘बिचारी’ म्हटलं की बाई उसळायच्या. “काकू, बिचारी म्हणून माफ करता आणि वैताग आला की हाणता. मधलं बोलणं कोण करणार?”

खानवेलच्या कमळीने, नऊ वर्षांची असताना, मोजून केलेल्या अठरा लाडवांतले सहा फस्त केले. नेमके संस्थेचे शेठ आलेले. “बेन, चोर छोकरी नको आपल्याला. शनिवारी येतो, तोवर घरी पाठवून द्या.” घरी तिच्या खुणा कुणालाच येत नव्हत्या. गेली असती तर शेळ्यांमागे गेली असती आणि तिथेच राहिली असती.

मी तिला दोन चापट्या दिल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या लाडवांकडे जाताना तिने आधी दार लावून घेतलं. मी खिडकीतून बघत होते; डब्यात हात जायच्या आधीच डबा उचलून घेतला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “तिला चोरी वाईट वाटत नाही, सापडणं वाईट वाटतं. तुमच्या आईने मारलं तेव्हा का मारलं तेही तुमच्या कानावर पडलं. हिला नुसती चापट पोचली.”

“मग आता पूजा घालू तिची?”

“वाट्या मांडा.”

अठरा मुली, अठरा वाट्या. लाडू कमळीच्याच हाताने वाढायला लावले. बारा भरल्या, सहा रिकाम्या राहिल्या, त्याही धाकट्या मुलींच्या. एकीने भोकाड पसरलं. बाईंनी कमळीकडे बघून पंजा उघडला. कमळीने बोटाने रिकाम्या वाट्या मोजल्या. मग स्वतःची वाटी त्या पोरीपुढे ढकलली. फणकाऱ्याने ढकलली, पण ढकलली.

शनिवारी शेठ पेढे घेऊन आले, नातू झाला म्हणून. बरोबर फोटोवाला. फोटोत मावल्या त्या मुलींना पेढा मिळाला, कडेच्या धाकट्या तशाच राहिल्या आणि अर्धा भरलेला खोका गाडीकडे निघाला. दरवेळी असंच व्हायचं, आम्ही गप्प बसायचो. कमळी स्वयंपाकघरात पळाली. परत येऊन तिने शेठच्या वाटेत सहा रिकाम्या वाट्या मांडल्या आणि त्यांच्या नाकासमोर पंजा उघडला.

“काय म्हणते ही?”

“का, असं विचारतेय,” बाई म्हणाल्या. “सांगा शेठ. तिला समजतं आता.”

फोटोवाल्याचं फोटो काढणं चालूच होतं. शेठनी खोका उघडला. कमळीला घरी पाठवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. रडारड नको म्हणून मुली वर्गात असताना गुपचूप निघाल्या, नाशिकची बस गाठायला. रिक्षात बसल्या तर फाटकात कमळी. आता माझ्याएवढी उंच. पंजा उघडलेला.

“काकू, तुम्ही सांगा ना तिला.”

“मी का सांगू? मी स्वयंपाकीण.”

बाई उतरल्या. चांगल्या साडीनिशी धुळीत मांडी घालून बसल्या आणि हातांनी कारण सांगायला लागल्या. गुपचूप का निघाल्या, तेही. रिक्षावाल्याला मी परत पाठवलं. बस गेलीच होती.

त्या दिवशी बाईंना धरून मी एकोणीस वाट्या मांडल्या.