एका डीपीवरच्या मोटारी

तुमची चुलत बहीण कलबुर्गीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकते. या हिवाळ्यात ती सुट्टीला औरादला आली ती तोंड पाडूनच. वर्गात संशोधनासाठी विजेचा एक प्रश्न निवडायचा होता आणि सरांनी तिचे दोन विषय परत केले होते. एक विजेवर उडणाऱ्या विमानांचा, दुसरा समुद्रातल्या पवनचक्क्यांचा. आपल्यापासून समुद्र किती लांब आहे, हे सरांना बहुधा ठाऊक असावे. सोमवारपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला प्रश्न आणला नाही, तर जुन्या मीटरांचा इतिहास तिच्या गळ्यात पडणार होता.

"आजी, आपल्याकडं विजेचा एकबी प्रश्न न्हाई का गं?"

"आधी वीज येऊ दे, मग प्रश्न विचारू," मी म्हणाले आणि आजोबांचा डबा देऊन तिला शेताकडे पिटाळले.

ती पोचली आणि लाईट आली. डीपीवरच्या, म्हणजे शेतातल्या एकाच रोहित्राला जोडलेल्या, पाण्याच्या सगळ्या मोटारी एकदम घुमल्या, गुरांच्या कोठ्यातला बल्ब लालसर झाला आणि डीपीचा फ्यूज उडाला. बांधाबांधावर माणसे उभी राहून वीज खात्याला शिव्या देऊ लागली. त्यांत आपले आजोबा सर्वांत पुढे.

लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारी एक पेटी असते, तिला इकडे आटो म्हणतात.

"आजोबा, तुमचा आटो चालूच व्हता व्हय?"

"मग? समद्यांचाच हाय."

"समद्या मोटारी एकदम उठल्यावर फ्यूज जाईल न्हाई तर काय? जरा थांबून कामून लावत न्हाई?"

"मी कामून थांबू? शेजारचा अण्णा थांबलाय का?"

विषय सापडला होता: एका डीपीवरच्या मोटारी किती अंतराने सुरू कराव्यात? सरांनी फोनवर अट घातली, की तसे करून पाहायला निदान दोन शेतकरी तयार हवेत. आजोबांनी साफ नकार दिला. पोरगी रडकुंडीला आली.

संध्याकाळी अण्णा चहाला आले. घरी कन्नड बोलणारे, आपल्याशी मराठी. सगळे ऐकून मला म्हणाले, "अक्का, माझी मोटार मागून लावतो. लेकराच्या शिक्षणाचं काम हाय."

स्वतःच्या घरात, नातीसमोर, शेजाऱ्याने मोठेपणा दाखवावा? आजोबा ताठ बसले. "छे! तुमची आधी, अण्णा. आमची मागून."

"असं कसं, दादा? तुम्ही वडील. मान तुमचा."

"पण विहीर तुमची जुनी."

पाण्यासाठी वर्षभर बांधावर तंडणारे हे दोघे पंगतीत आग्रह करावा तसे एकमेकांना पुढे ढकलत होते. चहा दोनदा गरम करावा लागला.

"अहो, कुणीतरी पहिलं पायजे ना!" ती ओरडली. "आजी, ह्यांचं काय करू?"

"एक दिवस यांची आधी, एक दिवस त्यांची," मी म्हणाले.

दोघेही लगेच कबूल झाले. आपणच उपकार केले, अशी दोघांचीही खात्री होती.

सोमवारी विषय मंजूर झाला. आळीपाळीची कल्पना सरांना फार आवडली म्हणे. ती कुठून घेतली, या रकान्यात तुमच्या बहिणीने आजीचे नाव घातलेले नाही. "स्थानिक पद्धत" असे लिहून आली आहे.