व्रोनाची कानस

कॅझिमिर व्रोनाशी माझं कधीच पटलं नाही. शिकागोच्या वेस्टर्न अव्हेन्यूवरच्या आमच्या दुकानात बारमधली पिनबॉलची, म्हणजे चेंडू मारून गुण मिळवायच्या खेळाची, यंत्रं दुरुस्तीला यायची. त्याच्या शेजारच्या टेबलावर मी तारांना सोल्डरचे डाग देत बसायचे. माणूस महाखडूस. माझ्या डब्यातल्या सॉसेजला नावं ठेवायचा आणि स्वतःचा आंबट कोबी माझ्या नाकाखाली उघडायचा.

सत्त्याहत्तर साली इलेक्ट्रॉनिक सर्किटवाली नवी यंत्रं आली. मालकाने टीसडेल नावाचा एक पोरगेला इंजिनिअर आणला आणि बजावलं, "ज्याला कॉम्प्युटर कळतो त्यानेच नव्यांना हात लावायचा. बाकीच्यांनी जुनी मोडीत काढायची."

व्रोना भडकला. जुनी यंत्रं त्याच्याच हाताखालून गेलेली. ती मोडणं म्हणजे त्याला खाटकाचं काम वाटायचं.

"मी जन्मभर कॉम्प्युटरच दुरुस्त करतोय!" तो टीसडेलवर ओरडला. "हे जुनं यंत्रही मोजतं, मोजलेलं लक्षात ठेवतं, खेळ कधी संपवायचा ते ठरवतं. तुझा कॉम्प्युटर आणखी काय दिवे लावतो?"

"आणि खेळाचा नियम बदलायचा तर? बर्निसला सगळ्या तारा उपटायला लावाल?" टीसडेल माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "आजोबा, ही खटखटणारी पेटी आहे."

व्रोनाने जुन्या यंत्रावर एक डाव खेळला आणि भिंतीतला प्लग ओढला. दिवे गेले, पण गुण दाखवणाऱ्या चाकांवरचे आकडे तसेच राहिले. ४७,३१०.

"बघ! वीज गेली तरी विसरलं नाही."

"भिंतीवर खडूने लिहिलेलंही राहतं. मग भिंतही कॉम्प्युटर का?"

मी खदखदून हसले. व्रोनाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घालून पुन्हा तारा जोडू लागले.

"पुरे झालं," मालक म्हणाला. "व्रोना, या नव्या यंत्रात चेंडू लागूनही गुण मिळत नाहीत. नीट केलंस तर नवी यंत्रं तुझी."

व्रोनाने खिशातली चपटी कानस काढली. जुन्या यंत्रांत चेंडू लागला की एकमेकींना टेकून वीज जोडणाऱ्या, ठिणग्यांनी काळ्या पडलेल्या धातूच्या पत्त्या घासायच्या, हे आमच्या हाताला लागलेलं वळण. नडलेली एकच पत्ती होती, पण या मेल्याने मोठेपणा मिरवायला सगळ्या घासल्या, तेही शीळ घालत. चेंडू मारला. गुण मिळाले!

टीसडेलने वाकून कानशीवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"यांच्यावर सोन्याचा मुलामा होता," तो म्हणाला. "इथे ठिणगी पडतच नाही, घासायचं कशाला? आता हळूहळू गंजून सगळ्या मुक्या होतील."

व्रोनाने कानस टेबलावर ठेवली, कोट चढवला आणि गेला. तो परत आलाच नाही.

मोडतोडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी व्रोनाला मनसोक्त शिव्या घातल्या. पहिलंच यंत्र त्याने डाव खेळलेलं ते. चाकं काढण्याआधी वीज जोडून शून्यावर आणायची असतात. मी प्लग उचलला. काचेआड अजून ४७,३१० होते. मी प्लग खाली टाकला.

"टीसडेल," मी ओरडले, "याला काही आठवत नाही ना? मग ये, तूच पूस!"