मी अपेंडिक्स सांगितलं

"फिस्टुला आहे," डॉक्टर म्हणाले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी कुशीवर, भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. त्यांनी समजावलं, शौचाच्या जागेजवळ गळू होऊन आतपर्यंत बारीक वाट पडते, तिच्यातून पू येत राहतो. गोळ्यांनी जात नाही, कापावं लागतं. मी भिंतीकडंच बघून हो म्हटलं.

माझं घर साताऱ्याकडं, माण तालुक्यात. शाळा आठवीत सुटली. इकडं भंडारा जिल्ह्यात चिखल्याच्या खाणीवर आलो तो ट्रकमध्ये माल भरायला. अक्षर बरं म्हणून आमच्या ट्रान्सपोर्टच्या सुपरवायझरनी, मेश्रामभाऊंनी, मला ऑफिसात घेतलं. गाड्यांच्या खेपा लिहायच्या, खिडकीतून ड्रायव्हरांना चिठ्ठ्या फाडून द्यायच्या. बसायचं काम. आता बसताच येत नाही हे कुठल्या तोंडानं सांगू? खुर्ची गेली तर परत फावडं. मी सगळ्यांना अपेंडिक्स सांगितलं. घरीही तेच.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "जखम उघडी ठेवलीय, आतून भरत येईल. रोज ड्रेसिंग. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसा, त्याला सिट्झ बाथ म्हणतात. पुढं कामावर जा, पण अर्ध्या तासाला उठायचं. पाणी भरपूर प्या, संडासला जोर करू नका."

तीन आठवड्यांनी कामावर गेलो. मेश्रामभाऊंनी स्वतःची गादीची खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती, वर धुतलेला पांढरा टॉवेल. "तुह्या पोटाले टाके आहेत. उठू नको. रजिस्टर, पानी, सगळं हातात भेटन."

जरा उठलो की खिडकीतून ड्रायव्हर ओरडायचे, "बस ना गा, टाके उसवतीन!" इतकी माया, आणि सगळी चुकीच्या जागी. मी बसून राहिलो. सारखं लघवीला उठायला नको म्हणून पाणीही कमी केलं.

चौथ्या दिवशी उठलो तर टॉवेलला रक्त. मी तो गोळा करायच्या आधी मेश्रामभाऊंनी पाहिलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"अपेंडिक्स पोटात रायते ना गा?"

मी खरं सांगून टाकलं. जखमेपेक्षा त्या धुतलेल्या टॉवेलची शरम जास्त वाटली.

"मंग काहून नाही सांगतलं?"

"खुर्ची जाईल म्हणून."

"तुले बसाले ठेवलं का लिवाले?"

तेच मला डॉक्टरांकडं घेऊन गेले. जखम पुन्हा चिघळली होती, बरं होणं लांबलं. परत आलो तर खिडकीजवळ दोन लाकडी पेट्या एकावर एक, वर रजिस्टर. उभ्यानं लिहायचं, थकलो की थोडं बसायचं, दुपारी खोलीवर जाऊन टबात बसून यायचं. टॉवेल मात्र मी हट्टानं स्वतः धुतला.

एक दिवस एका ड्रायव्हरनं विचारलं, "काहून उभा आहेस गा, भाऊनं शिक्षा देल्ली का?"

मान खाली घालून मी हळूच फिस्टुला म्हटलं. काय असतं तेही सांगितलं. तो हसला नाही. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तरी खिडकीवरून हलला नाही. आवाज उतरवून म्हणाला, "कोन्या डॉक्टरकडे गेल्तास?"

चिठ्ठीच्या मागं मी पत्ता लिहून दिला.

तुमचं काम बसायचं असेल तर माझ्यासारखं करू नका. पहिल्याच दिवशी निदान एका माणसाला खरं सांगा. माझ्या आईला अजून अपेंडिक्सच माहीत आहे. मोठ्यानं बोलायची हिंमत मला आजही नाही. म्हणून लिहिलं.