फरशीवर वाढलेली गुड्डी

आमच्या बुढ्याचं, म्हणजे माह्या नवऱ्याचं, नाव सेवकराम. कोंढा गावात किराण्याचं दुकान चालवते अन् फुकटात लोकायले अक्कल शिकवते. नात गुड्डी शाळेतून आली का दप्तर फेके अन् दुकानातल्या दोरीवरचं चिप्सचं पाकीट ओढे. त्यावर क्रीमचे बिस्कुटं. मी वरण-भात वाढला का म्हणे, पोट भरलं. मी ओरडली का बुढा म्हणे, "खाऊ दे ना. खात्यापित्या घरची पोरगी दिसली पाहिजे."

दिसे बाप्पा. चौथीत जाऊन राहिली होती, पण पहिलीतली वाटे. गाल टम्म, पोट फ्रॉकातून पुढं. एसटीचा कंडक्टर तिचं तिकीट मांगत नव्हता, तर बुढ्याले त्याचाही अभिमान.

मागच्या साली तान्हा पोळा झाला अन् शाळेत तपासणी आली. डॉक्टरीणबाईनं आम्हाले बोलावून सांगतलं का गुड्डीची उंची वयाच्या मानानं कमी आहे अन् पोटावर चरबी जास्त. बुढा खवळला.

"एक तं खुजी म्हणा, नाही तं जाडी म्हणा. एकाच पोरीत दोन्ही कसं?"

"पाकिटानं पोट भरते, आबाजी," बाई म्हणाली, "पण हाडाले काही भेटत नाही. तिले दाळ, अंडी, दूध, मासोळी द्या."

"तुमची पट्टी चुकली. माह्या घरी चला, दाखवतो."

आमच्या घरी एक रीत आहे. तान्ह्या पोळ्याले लेकरं लाकडी बैल फिरवून आली का त्यायले मधल्या सागाच्या खांबाले उभं करतात अन् डोक्याशी कोयत्यानं खूण करतात. बुढ्यानं बाईले गुड्डीची आधीच्या वर्षीची खूण दाखवली, मग नुकतीच केलेली. मधात पाच बोटं.

"एका वर्षात पाच बोटं. आता बोला," म्हणून मिशीवर हात फिरवला.

खरं सांगते, मलेही हायसं वाटलं. बुढा जिंकला तरी चालन, पोरगी वाढली पाहिजे. पण तो मिशीवरचा हात काही खाली येईना, अन् माहं डोकं फिरलं. त्याच खांबावर वरती त्याची स्वतःची खूण होती, आमच्या लग्नाच्या वर्षीची.

"तुम्ही उभे राहा बरं," मी म्हटलं.

"मी कायले?"

"राहा म्हणलं ना."

राहिला. खूण त्याच्या कपाळाशी आली. माथ्यापासून चार बोटं खाली.

"अवो, तुम्ही तं या वयात वाढून राहिले," मी म्हटलं. "तुम्ही बी चिप्स खाता का?"

बाईले हसू आवरेना. बुढ्यानं खाली पाहिलं. पायाखाली नवीकोरी फरशी. त्याच उन्हाळ्यात त्यानं शेणाच्या जमिनीवर मुरूम-सिमेंट टाकून बसवली होती. आम्ही सगळे वर चढलो, खांब होता तिथंच राहिला. पाचातली चार बोटं फरशीची. गुड्डीचं एक.

"आबाजी, मी मोठी नाही झाली का?" गुड्डीनं विचारलं. बुढा खांबाले टेकून खालीच बसला. इतका राग होता माह्या मनात, पण तेव्हा त्याची लय कीव आली.

दुसऱ्या दिवशी दोरी उतरवली. म्हणे, उरलेले पाकिटं गावातल्या लेकरायले विकतो. मी म्हटलं, त्यायले काय वाढाचं नाही? मंग फेकाचे कसे म्हणून सारे स्वतःच खाल्ले. त्याचं पोट अजून उतरलं नाही. दोरीच्या जागी आता अंड्याचा ट्रे आहे, अन् गुड्डी ताट चाटून उठेपर्यंत बुढा तिच्या समोर बसून राहते. तलावाची मासोळी आणली का काटेही तोच काढते.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याले गुड्डी खांबाशी उभी राहिली. बुढ्यानं कोयता उचलला अन् थांबला. आधी टाचेनं जमीन ठोकली.

"फरशी तेच आहे ना? वर तं नाही आली?"

"तेच आहे," मी म्हटलं.

मंगच त्यानं खूण केली, अन् बोटं मोजाले मले सांगतलं. त्याले काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. मी मोजली, तीन भरली, अन् तिन्ही गुड्डीची.