कडकताईंचं डुम-डुम

आमच्या घराच्या बरोबर खाली इस्त्रीचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे कडकताई म्हणतात. इस्त्री कडक आणि जीभ त्याहून. नवरा गेल्यावर त्यांनी त्या एका टेबलाच्या जोरावर दोन मुली मोठ्या केल्या, कुणापुढे हात पसरला नाही.

माझे सासरे रोज दुपारी जॅझची एकच रेकॉर्ड लावतात. लग्नाआधी घेतलेली. सासूबाई म्हणायच्या, "ही सवत माझ्याआधी घरात आली." कव्हर आता चिकटपट्ट्यांवर तग धरून आहे, पण आतला ट्रम्पेट अजून आज सकाळी वाजवल्यासारखा ताजा.

खाली त्रास होत असेल म्हणून मी, मोठी शहाणी, स्पीकरखाली जाड गालिचा अंथरला. त्यानंतर खालून इस्त्री होऊन येणाऱ्या सासऱ्यांच्या पॅंटला दुहेरी घड्या येऊ लागल्या. विचारायला निघणार, तोच कडकताई वर हजर.

"वहिनी, काका बरे आहेत ना?"

"ठणठणीत. का हो?"

"मग ते डुम-डुम का बंद केलं? माझा हात त्याच्यावर चालतो हो! आजवर माझ्या इस्त्रीला कुणी नावं ठेवली नव्हती. काल वकीलसाहेबांनी पॅंट परत पाठवली!"

सासरे मात्र खूश. त्यांनी कडकताईंना आपल्या खुर्चीत बसवून रेकॉर्ड लावली. थोडं ऐकून बाईंच्या कपाळाला आठी.

"चांगलंय, काका. पण मध्ये मध्ये हा कोण बोंबलतोय?"

"अहो, तो ट्रम्पेट! लोक त्याच्यासाठी जीव टाकतात!"

"टाकोत. आपल्या डुम-डुमला बोलूच देत नाही मेला."

इतकी वर्षं छतातून त्यांच्यापर्यंत फक्त डबल बेस पोचत होता, जाड तारांचं ते माणसाएवढं उंच वाद्य. सासऱ्यांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "सूनबाई, तो गालिचा गुंडाळ."

वकीलसाहेबांची पॅंट एका घडीवर आली. आता रेकॉर्ड सुरू झाली की सासरे चपला घालून खाली जातात आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी स्टुलावर बसून छताकडे कान लावतात.

"हा इतका गोड वाजवतो, मला पत्ताच नव्हता!"

"मग ऐका ना. बोलता कशाला?"

एक बाजू संपली की छताला खालून काठीचा ठोका. मी हातातलं काम टाकून रेकॉर्ड उलटायला धावते. जरा उशीर झाला की जिन्यातून हाक येतेच:

"वहिनी, झोपलात का? बाही अर्धी राहिलीय!"