उस्तादांच्या हातची चव
कारखान्याच्या कँटीनमधल्या स्वयंपाक्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि हा शहाणा ते खरंही मानत असे. साधी भाजी ढवळली तरी जगावर उपकार केल्याचा थाट. अळणी जेवणाऱ्यांची तर त्याला शिसारी येई. कोणी "मीठ जरा बेतानं" म्हणालं, की त्या माणसाने पातेल्यात बूट बुडवला असावा तसा तो त्याच्याकडे बघे.

मग नेमकं त्याच्याच बायकोचं ब्लडप्रेशर वाढलं, घोटे सुजले, आणि किडन्या निम्म्याच काम करताहेत असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी मीठ जवळजवळ बंद केलं. "काळजी नको," उस्ताद छाती काढून म्हणाला, "घरचा स्वयंपाक माझ्याच हाती असतो."

पहिल्याच दिवशी त्याने भोपळ्याची भाजी बिनमिठाची केली, चाखली आणि तोंड वाकडं केलं. असलं काही आपल्या हातून ताटात जायचं? मग पाठ फिरवून चमचाभर मीठ टाकलंच.

बायको जेवून म्हणाली, "मिठाशिवाय एवढी चव? अहो, जादू आहे तुमच्या हातात."

झालं. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला तो कित्येक महिने उतरलाच नाही. बाईचे घोटे सुजतच होते. ते त्याला दिसत नव्हते असं नाही, पण कौतुक ऐकताना हा कशाला खाली बघतोय?

पुढच्या तपासणीला तिने दिवसभराची लघवी डब्यात भरून दिली. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, मीठ चालूच आहे तुमचं, लघवीत उतरलंय. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, त्यानं प्रेशर चढतं आणि किडनीतल्या बारीक गाळण्या खराब होतात. मग त्यांना मीठ बाहेर टाकता येत नाही, की प्रेशर आणखी वर. असंच चाललं तर डायलिसिस लांब नाही."

"देवाशप्पथ, ह्यांच्या हातचं सोडून मी काही खात नाही," ती रडवेली होऊन म्हणाली.

"खात असेल काहीतरी चोरून," उस्ताद म्हणाला. "जिभेवर ताबा नको?"

भित्रा मेला! खापर बायकोच्या माथी फोडताना त्याची जीभ जराही अडखळली नाही.

डायलिसिसच्या नावाने मात्र त्याची पाचावर धारण बसली होती. त्या संध्याकाळी त्याने मिठाला हात लावला नाही. तिने एक घास घेतला, थांबली, दुसरा घेतला.

"आज मीठ विसरलात," ती म्हणाली.

तो आपल्या ताटात बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण त्याची मान काही वर येईना. मग तिने ताट पुढे ओढलं आणि तीच अळणी भाजी निवांत, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

"म्हणजे तुमच्या हाताला चव कधी नव्हतीच," ती म्हणाली, आणि हात धुवायला उठली.